गंध पुसायचा रुमाल

बाबा, गुरुवारी आमच्या ऑफिसात सत्यनारायण झाला आणि यजमान म्हणून पाटावर मी बसले. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याची शक्यता नाही, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता तेही मला ठाऊक आहे. "कामाच्या वेळात?" हो, कामाच्या वेळात, अकरा ते एक. मग दुसरा, "आणि खिडकी?" दाखल्यांची खिडकी चालू होती. ती कोणी चालू ठेवली हे सांगायलाच आज शनिवारची सुट्टी बघून लिहायला बसले आहे. हाताशी ऑफिसचं पॅड होतं, त्यावर दोन ओळी लिहिल्यासुद्धा. मग तुमचा चेहरा आठवला आणि उठून कपाटातून घरची वही काढली. सरकारी टाचणीही घरी न आणणाऱ्या माणसाला सरकारी कागदावर पत्र लिहायचं म्हणजे फारच झालं.

सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन खोल्या मला आठवतात त्या सकाळच्याच. स्वयंपाकघरात ओट्याच्या शेजारी देव्हारा, तुम्ही सोवळं नेसून त्याच्यापुढे, आणि आई कुकर हातात धरून खोळंबलेली, कारण शिट्टी झाली की तुमचा मंत्र अडखळायचा आणि तुम्ही पहिल्यापासून सुरू करायचात. "अहो, देवाला आता कुकरची सवय झाली असेल," आई म्हणायची. "देवाला झालीय, मला नाही," तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात. तासभर चालायचं ते सगळं. शेवटी सहाणेवर उगाळलेलं गंध कपाळाला लावून, डबा पिशवीत टाकून तुम्ही सायकल काढायचात. श्रावणात घरी सत्यनारायण असायचा तेव्हा तर गुरुजीसुद्धा तुमच्यापुढे जपून बोलायचे, कुठे उच्चार चुकला तर तुम्ही नुसती भुवई वर करायचात म्हणून. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वाचणाऱ्याला तुम्ही कोण होतात ते आधी कळलेलं बरं. वाचणारं कोणी नाही, तरीही.

मी चौथीत होते. आई मावशीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेली होती आणि शाळेला सुट्टी होती, म्हणून तुम्ही मला ऑफिसात घेऊन गेलात. सायकल स्टँड सांभाळणारे, सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते तिथे होते, त्यांच्याशी तुमचं रोजचं चहापाणी होतं. तुम्ही सायकल लावता लावता खिशातून रुमाल काढलात, मामांनी न सांगता तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि तुम्ही कपाळावरचं गंध पुसून टाकलंत. सवयीचं काम असावं तसं. मी विचारलं, "बाबा, गंध का पुसलं?" तुम्ही म्हणालात, "आता ऑफिस." रुमालाची घडी झाली, खिशात गेली, आणि आपण जिना चढलो.

दाखल्यांच्या खिडकीमागे तुमच्या खुर्चीशेजारी मला एक स्टूल मिळालं. खिडकीच्या पलीकडे माणसांची रांग होती, कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा होता, कोणाला रहिवासाचा, आणि सगळे तुम्हाला भाऊसाहेब म्हणत होते हे ऐकून मला फार गंमत वाटली होती. त्या दिवशी ऑफिसात पूजा होती. मोठ्या हॉलमधली टेबलं भिंतीला लावलेली, मध्ये चौरंग, चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट. बाकीच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मग साहेब स्वतः तुमच्यापाशी आले. "अहो, कथा आज तुम्ही वाचा. तुमच्याइतके स्वच्छ उच्चार आमच्या गुरुजींचेही नाहीत."

"वाचली असती साहेब. पण लाइन आहे."

"लाइन तासभर थांबेल हो."

"थांबेल की. तिला दुसरं काय करता येतंय?"

साहेब हसले नाहीत. तुम्ही पुढच्या माणसाचा अर्ज आत ओढून घेतलात आणि शिक्का मारलात. थोड्या वेळाने हॉलमधून साहेबांच्या बायकोने मला हाक मारली, "तू तरी ये गं." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान हलवून जा म्हणालात, आणि मी गेले. तिथे काय बोलणं झालं ते शेवटी लिहीन, आत्ता धीर होत नाही. आरती झाल्यावर शिपायाने तुमच्या टेबलावर द्रोणात शिरा आणून ठेवला. तुम्ही तो कपाळाला लावलात, वर एक कोरा कागद झाकलात आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलात. साडेपाचला सायकलपाशी उभं राहून आपण दोघांनी तो निम्मा निम्मा खाल्ला. "आता मी मोकळा," असं म्हणत तुम्ही बोटंसुद्धा चाटलीत.

आठवड्याभरात तुम्हाला नाव पडलं. गंधपुसे. पुण्यात आडनावं पाडायला कोणाला शिकवावं लागत नाही. आईने ते मंडईतून भाजीबरोबर घरी आणलं, तुमच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी बायकोने तिला "काय गंधपुसे वहिनी" म्हणून हाक मारली होती. तुम्ही आधी हसलात. "बरं आहे, आपल्या खऱ्यापेक्षा लक्षात राहणारं आहे." मग डबा खायला तुमच्याबरोबर चौघे बसायचे ते तीन झाले, मग त्या तिघांनी टेबल बदललं आणि तुम्ही खिडकीपाशीच एकटे डबा उघडायला लागलात. वरच्या जागेसाठी तुमचं नाव दोनदा मागे पडलं, कारण काही कोणी लेखी दिलं नाही. आई म्हणायची, आपल्याच देवाची पूजा, दहा मिनिटं बसला असतात तर काय झिजला असतात? तुम्ही त्यावर आमटी मागायचात. या सगळ्याचं तुम्हाला किती वाईट वाटत होतं ते मला कळलं ते एकाच गोष्टीवरून. तुम्ही सायकल स्टँड बदललात. गंध पुसताना तुम्हाला बघणारा माणूस एकच होता, तेव्हा बाहेर सांगणाराही तोच, असा तुमचा सरळ हिशेब होता. मामांशी भांडलाही नाहीत. नुसते जायचे बंद झालात. लांबच्या स्टँडला सायकल लावायची, तिथून ऑफिसपर्यंत चालत यायचं, आणि वाटेतल्या नळावर रुमाल भिजवायचा. पुढे कधीतरी मी शाळेतून येताना मामा दिसले. म्हणाले, "बाबा बोलत नाहीत गं आताशा. माझं काही चुकलं का?" मी म्हणाले, "माहीत नाही."

कॉलेजात गेल्यावर मला धीटपणा आला तेव्हा एकदा मी तुम्हाला विचारलं होतं. देवळातून परत येत होतो, तुमच्या कपाळावर अंगारा होता. "बाबा, देवाचं इतकं करता, मग ऑफिसातच काय बिघडतं? सगळे आपलेच तर असतात." तुम्ही चालायचे थांबलात. फार बोलायचा नाहीत तुम्ही, म्हणून ते बोलणं मला शब्दन्शब्द आठवतं. "खिडकीतून मला माणूस दिसतो, आणि त्या माणसाला दिसतं माझं कपाळ. काही जण ते बघून सैल होतात, झालं आपलं काम. काही जण आधीच मागे सरकतात, आता कसलं होतंय. दोघांचाही अर्ज मी सारखाच बघणार असतो गं, पण ते त्यांना घरी जाईपर्यंत कळत नाही. तेवढा वेळ त्यांना भीती कशाला?" मी म्हणाले, एवढं कोण बघतं कपाळाकडे? तुम्ही म्हणालात, "रांगेत उभं राहून बघ कधीतरी."

मी रांगेत उभी राहिले नाही, सरळ खिडकीच्या आत आले. परीक्षा दिली, याच खात्यात लागले, बढत्या घेतल्या. लग्न राहून गेलं, ते तुमच्यादेखतच राहिलं. सदाशिव पेठ सुटली, कर्वेनगरला एका सोसायटीत दोन खोल्या घेतल्या, तिथून स्वारगेटच्या पलीकडच्या ऑफिसात जाते. गेली नऊ वर्षं तिथली प्रमुख मी आहे. केबिनमध्ये बसते, लोक मॅडम म्हणतात. सरकारी कार्यालयात धार्मिक कार्यक्रम करू नयेत अशा अर्थाचा एक कागद मागे कधीतरी आमच्याकडे आला होता. आम्ही त्यावर 'पाहिले, फाइल करावे' असा शेरा मारला, ती फाइल कपाटात गेली, आणि त्या कपाटावर गणपतीची तसबीर आहे, तिला रोज ताजा हार असतो. तो हार मला आवडतो हेही सांगून टाकते. सकाळी आल्यावर शेवंतीचा वास येतो.

आमच्याकडेही दर श्रावणात पूजा होते. मी ती कधी थांबवली नाही आणि तिला कधी बसलेही नाही. बसायला जोडपं लागतं, साहेब आणि साहेबांची बायको असं, त्यामुळे मला कोणी विचारायचाच प्रश्न नव्हता. दुसरं कोणीतरी बसायचं आणि मी केबिनमध्ये फायली बघायची. लोकांना वाटायचं, मॅडम तत्त्वाच्या आहेत, वडिलांवर गेल्यात. तुमची गोष्ट खात्यात अजून कोणाकोणाला माहीत आहे. हळूहळू मलाही तसं वाटायला लागलं. नाही म्हणायची वेळच आली नव्हती, त्यामुळे आपण नाही म्हणू शकतो की नाही हे तपासायचं राहून गेलं.

आमच्या दाखल्यांच्या खिडकीवर एक सहकारी आहेत, पंचेचाळिशीचे, नऊ वर्षं माझ्याबरोबर. मुसलमान आहेत. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत नमाजाला जातात आणि सुट्टी संपायच्या आत परत येतात. परत आले की खुर्चीवर बसायच्या आधी टोपी काढून घडी करून खिशात ठेवतात. पहिल्या शुक्रवारी ते बघितलं आणि मला मामांच्या तांब्याची आठवण झाली. पहिल्या वर्षी पूजेच्या वेळी कोणीतरी त्यांना म्हणालं, "तुम्ही खिडकी बघा, तुम्हाला काय, तुम्ही मोकळेच." म्हणणाऱ्याच्या मनात काही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. तेव्हापासून ती पद्धतच पडली. आमचे लोक कौतुकाने सांगतात की आमच्याकडे पूजेच्या दिवशीसुद्धा खिडकी बंद नसते. मी स्वतः एका वरिष्ठांना हे अभिमानाने सांगितलं आहे. त्या दोन तासांत बारा वाजले की रांगेतल्या माणसाला दोन मिनिटं थांबायला सांगून ते दोन ग्लास चहा घेऊन माझ्या केबिनमध्ये यायचे. एक माझ्यापुढे, एक त्यांच्या हातात, उभ्या उभ्याच प्यायचे. बाहेर कथा चालू असायची. आम्ही त्यांच्या मुलीच्या बारावीबद्दल किंवा माझ्या गुडघ्यांबद्दल बोलायचो. एकदा ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आत असता ना, म्हणून बरं वाटतं. नाहीतर हा वेळ फार मोठा होतो." मी काहीतरी हसून बोलले. पण बाबा, वर्षभरात मला बरं वाटायला लावणारं इतकं थेट दुसरं कोणी बोलत नाही, त्यामुळे ते मी जपून ठेवलं होतं.

या महिनाअखेरीला मी रिटायर होते आहे. मागच्या सोमवारी सगळे केबिनमध्ये आले, पुढे आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी. "मॅडम, प्लीज हां, लास्ट इयर आहे तुमचं. या वेळी तुम्हीच बसायचं. गुरुजींना विचारलंय मी, जोडीला सुपारी ठेवली की झालं. नो प्रॉब्लेम." नवऱ्याच्या जागी सुपारी. इतकी वर्षं ज्या अडचणीमागे मी आरामात बसले होते ती एका सुपारीने सुटली. तुमचे दोन शब्द माझ्या तोंडात तयार होते. लाइन आहे. ते म्हणायला फार धैर्य लागत नव्हतं, मीच तिथली प्रमुख, मला कोण काय करणार होतं? ते सगळे दारात उभे होते, हसत होते, आणि मी म्हणाले, "बरं."

मला एकटं वाटतं, बाबा. दुसरं कारण मी शोधून बघितलं, सापडलं नाही. एक तारखेपासून मला मॅडम म्हणणारंही कोणी उरणार नाही. सोसायटीत लिफ्टमध्ये लोक मोबाइलकडे बघतात. गुरुवारी सकाळी त्या मुलीने माझ्या केसांत गजरा माळला, दुसऱ्या एकीने खाली बसून माझ्या निऱ्या सारख्या केल्या. असा हात मला आई गेल्यापासून लागला नव्हता. पाटावर बसले, शेजारी तांदळावर सुपारी ठेवलेली, मागे सगळं ऑफिस दाटीने बसलेलं, आणि मला फार बरं वाटलं. देवाचं म्हणून किती आणि माणसांचं म्हणून किती ते मला वेगळं काढता येत नाही. डोळे भरून आले. गुरुजींना वाटलं भक्तीने.

तिसऱ्या अध्यायाच्या सुमारास खिडकीवरचे ते सहकारी चहा घेऊन आले. खिडकीपासून हॉल दिसत नाही आणि मी बसणार आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. सोमवारपासून तीन दिवस होते, रोज त्यांच्या खिडकीवरून मी जात होते, आणि सांगितलं नाही. हातात दोन ग्लास घेऊन ते केबिनच्या दारात उभे राहिले, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग वळले. मी पाटावरून त्यांना बघत होते. त्यांनी मला बघितलं, सुपारीकडे बघितलं असावं. मग आत जाऊन एक ग्लास माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर बशी झाकली आणि दुसरा ग्लास घेऊन खिडकीकडे परत गेले. "पाणी सोडा," गुरुजी म्हणाले. मी ताम्हनात पाणी सोडलं.

आरती झाल्यावर मी बेसिनपाशी गेले. कपाळावर कुंकू, अक्षता, सगळं होतं. मी रुमाल भिजवला आणि पुसलं. कशाला पुसलं ते नीट सांगता येणार नाही. आता पुसून काय उपयोग होता? मग शिऱ्याचा द्रोण घेऊन खिडकीवर गेले. पाच-सहा माणसं रांगेत होती. खिडकीमागच्या सहकाऱ्यांनी अर्जावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावून म्हणाले, "थोडं राहिलंय मॅडम, इथे."

मी पुसलं. "आता?"

"आता गेलं."

मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागावी तर त्यांनी तक्रार कुठे केली होती? मी द्रोण पुढे केला. "ठेवा तिथे," ते म्हणाले, "लाइन आहे अजून." आणि पुढच्या बाईंचा अर्ज आत घेतला. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. साडेपाचला त्यांनी शिरा खाल्ला, छान झालाय म्हणाले, हात धुतले आणि गेले. सगळे गेल्यावर मी केबिनमध्ये बशीखालचा चहा प्यायले. वर साय धरली होती. सोमवारी बारा वाजता मीच दोन ग्लास घेऊन खिडकीवर जाणार आहे. पूजा नसताना प्रमुखांनी खिडकीवर चहा नेला तर लोक बघतील. बघू देत. ते घेतील की नाही मला माहीत नाही.

आता राहिलेलं सांगते, मग वही तुमच्या पोथीच्या खाली ठेवून देईन. त्या दिवशी साहेबांच्या बायकोने हाक मारली म्हणून मी हॉलमध्ये गेले, तेव्हा तिथे बसायला जागा नव्हती. मी उभीच होते. त्यांनी विचारलं, "तुझे बाबा देव मानत नाहीत का गं?" आजूबाजूच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला तुम्ही आठवत होतात, सोवळ्यातले, त्याच सकाळचे. मी म्हणाले, "नाही मानत. येताना गंधसुद्धा पुसून टाकतात." त्या मोठ्याने हसल्या, सरकल्या आणि मला जवळ घेऊन पंख्याखाली बसवलं. मामांनी कधीच कोणाला काही सांगितलं नव्हतं, बाबा. तुम्ही त्यांच्याशी बोलायचे थांबलात ते माझ्यामुळे, आणि हे मी तुम्ही असताना सांगू शकले असते, रोज, पंचवीसएक वर्षं. ती जागा अगदी चौरंगाच्या समोर होती, आणि गुरुवारी वाटलं तसंच मला तेव्हाही फार बरं वाटलं होतं.